मतपेटी आणि पाणलोट



आजचा विषय ‘पर्यावरण आणि निवडणूक’ असा आहे. हे दोन शब्द आपल्याकडे सहसा एका फलकावर येत नाहीत. पर्यावरण म्हटले की पाच जूनचे रोप आणि त्या रोपाभोवती उभे राहून काढलेला फोटो आठवतो. निवडणूक म्हटली की जात, पक्ष, तिकीट आणि शेवटच्या रात्रीचे व्यवहार आठवतात. मला विचारायचा आहे तो प्रश्न या दोहोंच्या मधला आहे. पर्यावरणासाठी झटणाऱ्या संस्थांनी, संघर्ष समित्यांनी, गावोगावच्या मंडळांनी निवडणुकीत पडावे का? आणि पडावे तर नेमके कोणते काम अंगावर घ्यावे? माझे उत्तर आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे आपल्याला शेवटपर्यंत ताटकळावे लागणार नाही. त्यांनी निवडणुकीत जरूर पडावे, पण हिशेबनीस म्हणून. लोकप्रतिनिधीने पाच वर्षांत पाणी, माती आणि जंगल यांबाबत काय केले याची नोंद ठेवावी आणि मतदानाआधी ती घराघरांत पोचवावी. उमेदवारी, बहिष्कार आणि आश्वासनांची देवाणघेवाण हे तिन्ही मार्ग आपण महाराष्ट्रात वापरून पाहिले आहेत. त्यांतून काय हाती लागले, ते आता पाहू.

हा विषय वाशिममध्येच मांडायला एक खास कारण आहे. आपला जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर बसला आहे. काटेपूर्णा इथल्या डोंगरातून निघते, उत्तरेला जाते, पूर्णेला आणि पुढे तापीला मिळते. वाटेत महानच्या धरणात तिचे पाणी अडते आणि अकोला शहर ते पिते. अडाण आणि अरुणावती याच जिल्ह्यात उगम पावतात आणि पैनगंगेकडे, म्हणजे गोदावरीच्या खोऱ्याकडे वळतात. पैनगंगा बुलढाण्यातून येते, रिसोड आणि वाशिम तालुक्यांच्या कडेने जाते, आणि खाली इसापूरच्या धरणात साठून प्रामुख्याने मराठवाड्याची शेती भिजवते. आता याच जिल्ह्याचा मतदारसंघांचा नकाशा समोर ठेवा. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. विधानसभेच्या जागा तीन. त्यांतला रिसोड लोकसभेला अकोल्यात जातो. वाशिम आणि कारंजा यवतमाळ-वाशिम मतदारसंघात जातात. म्हणजे काटेपूर्णा जिथे उगम पावते आणि तिचे पाणी जिथे वापरले जाते, तिथले खासदार वेगळे असू शकतात. इसापूरच्या पाण्यावर जगणारा शेतकरी आणि वर पैनगंगेच्या काठी बॅरेजचे पाणी मागणारा शेतकरी एकाच उमेदवाराला मत देत नाहीत. नदीला मत नाही आणि मतदारसंघाला पाणलोट नाही. पाणलोटाचा प्रश्न घेऊन मत मागायला कोणी आले नाही, तर त्यात एकट्या उमेदवाराचा दोष नाही. नकाशाच तसा आखलेला आहे. मग हा प्रश्न मतपेटीपर्यंत न्यायचा कोणी? पक्ष नेणार नाही, कारण त्याचा हिशेब मतदारसंघाचा असतो. मतदारसंघाच्या रेषा ओलांडून विचार करणारी माणसे असतात ती संस्थांत आणि समित्यांत. म्हणून त्यांच्या कामाचा विचार करायचा.

पहिला मुद्दा. निवडणूक पर्यावरणाच्या चळवळीला काय देते? गेल्या काही वर्षांचा महाराष्ट्राचा अनुभव सांगतो की निवडणूक स्थगिती देते. हे वाक्य मी मुद्दाम पुन्हा उच्चारतो : निवडणूक स्थगिती देते. निर्णय ती क्वचितच देते. नाणारचे उदाहरण घ्या. कोकणातल्या राजापूर तालुक्यात वर्षाला सहा कोटी टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण प्रकल्प यायचा होता. आंबा बागायतदार आणि मच्छीमार विरोधात उभे राहिले. फेब्रुवारी २०१९ मध्ये लोकसभेसाठी शिवसेना आणि भाजप यांची युती जाहीर झाली, त्यात नाणार हटवण्याची बोली होती आणि मार्चच्या दुसऱ्याच दिवशी जमिनीची अधिसूचना रद्द झाली. चळवळीचा विजय झाला, असे सगळ्यांनी म्हटले. पण जानेवारी २०२२ मध्ये त्याच तालुक्यातल्या बारसूची जागा सुचवणारे पत्र राज्याच्या मुख्यमंत्र्यांकडून पंतप्रधानांकडे गेले. ते मुख्यमंत्री होते उद्धव ठाकरे, म्हणजे ज्या पक्षाने नाणार हटवण्याची बोली घातली त्याच पक्षाचे प्रमुख. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर मोठ्या पोलीस बंदोबस्तात मातीचे परीक्षण सुरू झाले. प्रकल्प रद्द झाला नव्हता, फक्त त्याचा पत्ता बदलला होता.

मुंबईच्या आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे तोडायची होती. तिथे काय झाले? ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडांवर करवत चालली. दोन हजारांहून अधिक झाडे गेली. सर्वोच्च न्यायालयाने थांबवले तोवर बहुतेक काम उरकले होते. विधानसभेचे मतदान २१ ऑक्टोबरला होते. निवडणुकीनंतर सरकार बदलले, नोव्हेंबरअखेर कारशेडला स्थगिती मिळाली, पुढच्या वर्षी कारशेड कांजूरमार्गला नेण्याचे ठरले आणि आरेची आठशे एकर जमीन वन म्हणून राखण्याची घोषणा झाली. जून २०२२ अखेर पुन्हा सरकार बदलले आणि नव्या सरकारने पहिल्याच दिवसांत कारशेड आरेला परत आणली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथून मेट्रो धावू लागली. शक्तिपीठ महामार्गाची गोष्ट तर अजून ताजी आहे. वर्ध्याच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत, बारा जिल्ह्यांतून जाणारा सुमारे ८०२ किलोमीटरचा रस्ता. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सत्ताधारी आघाडीला राज्यभर फटका बसला आणि जून महिन्यात हा रस्ता थांबवण्याची भाषा सुरू झाली. विधानसभेच्या तोंडावर, ऑक्टोबरमध्ये, कोल्हापूर जिल्ह्यापुरती भूसंपादनाची अधिसूचना मागे घेतली गेली. नोव्हेंबरच्या निकालात कोल्हापूरच्या दहाही जागा सत्ताधारी आघाडी आणि तिच्या मित्रांकडे गेल्या. २४ जून २०२५ ला मंत्रिमंडळाने याच महामार्गाच्या आखणीसाठी आणि भूसंपादनासाठी वीस हजार कोटींहून अधिक रकमेला मंजुरी दिली.

तीन प्रकल्प, तीन प्रदेश, वेगवेगळे पक्ष. तिन्हीकडे क्रम मात्र साधारण एकच : आंदोलन, निवडणुकीच्या आगेमागे माघार आणि मग पुनरागमन. याला कोणी नेत्यांची बेइमानी म्हणेल. मला त्यात व्यवस्थेचा स्वभाव दिसतो. मंत्रिमंडळाने जे एका बैठकीत थांबवले, ते पुढचे मंत्रिमंडळ, कधी कधी तेच मंत्रिमंडळ, दुसऱ्या बैठकीत सुरू करू शकते. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, सभागृहात मत मागावे लागत नाही. निवडणुकीपूर्वी मिळालेली माघार जणू उसनवारीवर मिळते आणि निकाल लागला की परत मागितली जाते. ती परत मागायला येणाऱ्याला अडवायला दारात कोण उभे असते? बहुतेक वेळा कोणीच नसते. कारण चळवळीने निवडणुकीतच सगळे बळ खर्च केलेले असते, आणि माघार मिळाली त्या दिवशी गुलाल उधळून मंडळी घरी गेलेली असतात.

याच्या उलट गोव्याकडे पाहा. २००६ च्या अखेरीस ‘गोवा बचाव अभियान’ उभे राहिले ते प्रादेशिक आराखडा २०११ च्या विरोधात. शेते, डोंगर आणि किनारे बांधकामासाठी मोकळे करणारा तो आराखडा होता. विधानसभेची निवडणूक जून २००७ मध्ये होती. आराखडा त्याआधीच, वर्षाच्या सुरुवातीला मागे घेतला गेला. इथपर्यंत गोष्ट नाणारसारखीच आहे. फरक पुढे पडला. गोव्यातली मंडळी निकालानंतर घरी गेली नाहीत. नव्या सरकारसमोर विशेष आर्थिक क्षेत्रांचा प्रश्न उभा केला गेला, आंदोलन पेटते राहिले आणि ३१ डिसेंबर २००७ ला मुख्यमंत्री दिगंबर कामत यांना ती क्षेत्रे रद्द करण्याची घोषणा करावी लागली. निवडणूक होऊन सहा महिने झाले होते. त्याच सुमारास आपल्याकडे रायगडमध्ये मुंबई विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्ध लढा चालू होता. २१ सप्टेंबर २००८ ला २२ गावांतल्या शेतकऱ्यांनी प्रकल्पाच्या प्रश्नावरच मतदान केले. त्या लढ्यात एन. डी. पाटील यांच्यासारखे नेते होते. उमेदवार नव्हता, निशाणी नव्हती, फक्त जमीन द्यायची की नाही एवढा सवाल होता. निकाल सरकारने अधिकृतपणे जाहीर केला नाही, पण कागदावर मत उमटले होते, गावांची नावे होती. तो प्रकल्प तिथे उभा राहिला नाही. गोव्यात मात्र पुढे नगरनियोजन कायद्यात नवी कलमे आली आणि जमिनीचा वापर बदलण्याचे नवे दरवाजे उघडले, हे मला ठाऊक आहे. त्यातून माझाच मुद्दा पक्का होतो. राखण सुटली की वाट मोकळी होते.

दुसरा मुद्दा. चळवळींना दोन मार्ग फार जवळचे वाटतात : बहिष्कार आणि उमेदवारी. बहिष्काराचा फलक आपल्याकडे प्रत्येक निवडणुकीत कुठल्या ना कुठल्या गावाच्या वेशीवर लागतो. ‘पाणी नाही तर मत नाही’, ‘रस्ता नाही तर मत नाही’. यातला संताप खरा असतो. तहसीलदार येतात, लेखी आश्वासन देतात, कधी गाव ऐकते, कधी ऐकत नाही. पण बहिष्काराचे गणित मांडून पाहा. ज्याला पाडायचे त्याच्या विरोधातली मते कमी होतात. संतापलेले गाव मोजणीतून नाहीसे होते आणि न संतापलेले गाव उरते. ‘नोटा’चीही तीच गत. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते बटण मिळाले, पण लोकसभा-विधानसभेत नोटाला सर्वाधिक मते पडली तरी त्याखालोखाल मते मिळवणारा उमेदवार निवडून येतो. निषेध नोंदवला जातो, परिणाम शून्य. आता उमेदवारीकडे वळू. मेधा पाटकर यांच्याइतके नाव आणि इतकी वर्षे पाठीशी असलेले पर्यावरणाच्या लढ्यातले दुसरे कोण आहे? २०१४ मध्ये त्या ईशान्य मुंबईतून आम आदमी पक्षातर्फे लोकसभेला उभ्या राहिल्या आणि तिसऱ्या क्रमांकावर राहिल्या. गडचिरोलीत वेगळा प्रयोग झाला. सूरजागडच्या लोहखाणीला विरोध करणाऱ्या ग्रामसभांनी २०१७ च्या जिल्हा परिषद निवडणुकीत स्वतःचे उमेदवार दिले. ॲड. लालसू नोगोटी यांच्यासारखे त्यांचे प्रतिनिधी निवडूनही आले. हा प्रयोग मोलाचा होता, कारण उमेदवार ग्रामसभेने ठरवला होता. तरी सूरजागडची खाण थांबली नाही, पुढच्या काळात ती कितीतरी पटीने वाढली. खाणपट्टा देण्याचा आणि पर्यावरण मंजुरीचा अधिकार जिल्हा परिषदेकडे नसतो. ज्या सभागृहात आपण माणूस पाठवतो त्या सभागृहाच्या हातात तो निर्णय आहे का, हे आधी पाहावे लागते. निवडून येणे एक आणि अडवणे दुसरे.

तिसरा मुद्दा सांगण्यासाठी जरा दूर जातो, अमेरिकेत. तिथल्या संसदेला काँग्रेस म्हणतात. आपल्याकडच्या पक्षाशी गल्लत करू नका. २२ एप्रिल १९७० ला पहिला वसुंधरा दिन साजरा झाला आणि त्याच वर्षी त्यामागच्या तरुणांच्या एका गटाने बारा सदस्यांची यादी प्रसिद्ध केली. यादीचे नाव ‘डर्टी डझन’. निवड कशी केली? एक, पर्यावरणाच्या विधेयकांवर त्या सदस्याने कसे मत दिले होते. दोन, त्याच्या मतदारसंघात लढत अटीतटीची आहे का. जो कसाही वागला तरी निवडून येणारच, त्याच्यामागे ताकद वाया घालवायची नाही. बारापैकी सात जण हरले. १९७२ मध्ये कोलोरॅडोचे वेन ॲस्पिनॉल हरले. जमीन, धरणे आणि खाणी ज्या समितीकडे असतात तिचे ते अनेक वर्षे अध्यक्ष होते, आणि त्यांच्या स्वतःच्या पक्षाच्या अंतर्गत निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. १९७० मध्येच ‘लीग ऑफ कॉन्झर्वेशन व्होटर्स’ ही संघटना स्थापन झाली. तिचे मुख्य हत्यार म्हणजे प्रत्येक सदस्याचे गुणपत्रक. महत्त्वाची विधेयके कोणती, त्यांवर कोणी कसे मत दिले, शंभरपैकी गुण किती. ही गुणपत्रके अजून निघतात. २००६ मध्ये कॅलिफोर्नियातून सात वेळा निवडून आलेले रिचर्ड पॉम्बो हरले. तेही नैसर्गिक संपत्तीच्या समितीचे अध्यक्ष होते आणि लुप्त होत चाललेल्या प्राण्यांना संरक्षण देणारा कायदा सैल करायला निघाले होते. मतदारसंघ शेतीचा आणि नव्या वसाहतींचा, पॉम्बो स्वतः गुरे पाळणारे. त्यांना हरवणारे जेरी मॅकनर्नी पवनऊर्जेच्या क्षेत्रातले अभियंते. पर्यावरण संघटनांनी तिथे जोर लावला होता. इराक युद्धावरचा राग आणि पक्षाभोवतीचे भ्रष्टाचाराचे आरोप यांचाही त्या पराभवात वाटा होता, हे सांगितले पाहिजे. संघटनांनी एकट्याने कोणाला पाडले नाही. काठावरच्या लढतीत त्यांनी पारडे झुकवले.

आणि याच अमेरिकेतले दुसरे उदाहरणही ऐका. २०१४ मध्ये टॉम स्टायर या धनाढ्य गृहस्थाने हवामानाच्या प्रश्नावर निवडणुका लढवायला सात कोटी डॉलरहून अधिक रक्कम स्वतःच्या खिशातून ओतली. निवडलेल्या सात मोठ्या लढतींत त्यांच्या बाजूचे तीनच उमेदवार जिंकले. १९७० च्या तरुणांकडे पैसा नव्हता, नोंद होती. पैशाचे उत्तर समोरचा पैशाने देऊ शकतो. ‘अमुक तारखेला तुम्ही अमुक मत दिले’ या वाक्याला पैशाने उत्तर देता येत नाही.

चौथा मुद्दा आपल्या उपयोगाचा. तिकडचे गुणपत्रक जसेच्या तसे इथे उचलता येईल का? येणार नाही. तिकडचा सदस्य महत्त्वाच्या विधेयकांवर सहसा नावानिशी मत देतो आणि पक्षाविरुद्धही देतो. आपल्याकडे बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. शिवाय १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. पक्षादेश मोडला तर आमदारकी जाऊ शकते. मग आमदाराचे मत मोजून काय कळणार? पक्षाचे मत कळेल, माणसाचे कळणार नाही. म्हणून आपल्या हिशेबाची वही वेगळी असावी लागेल. तिच्यात काय लिहायचे? विधानसभेत विचारलेले तारांकित प्रश्न आणि मांडलेल्या लक्षवेधी सूचना. त्यांची कागदपत्रे विधिमंडळाकडे असतात. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत मांडलेले विषय. त्यांचे इतिवृत्त निघते. वर्षाला मिळणाऱ्या पाच कोटींच्या आमदार निधीतून सुचवलेली कामे, सभामंडप किती आणि बंधारे किती. एखाद्या प्रकल्पाची पर्यावरणविषयक जनसुनावणी झाली असेल तर तिथे लोकप्रतिनिधी काय बोलला किंवा आलाच नाही. या जनसुनावण्या २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार होतात, मंचावर जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी बसतात, बोलणाऱ्याचे म्हणणे इतिवृत्तात जाते. उमेदवारी अर्जासोबत नमुना २६ चे शपथपत्र द्यावे लागते. त्यात सोने किती, शेती किती, गाड्या किती, कर्ज किती, गुन्हे किती, सगळे रकाने आहेत. पाच वर्षे काय केले याचा रकाना मात्र त्यात नाही. तो रकाना आपल्याला भरायचा आहे.

वाशिमसाठी त्या वहीची पाने कोणती असतील? पहिले पान पैनगंगेवरच्या बॅरेजेसचे. रिसोड आणि वाशिम तालुक्यांत ती बांधली गेली. त्यांत अडलेले पाणी किती शेतांपर्यंत पोचले, पाणी उचलायला वीजजोडण्या किती मिळाल्या, दारे वेळेवर बसवली जातात का, आणि या प्रश्नांवर कोणी, कोणत्या अधिवेशनात तोंड उघडले? दुसरे पान वाशिम शहराला पाणी देणाऱ्या एकबुर्जी जलाशयाचे आणि कारंज्याच्या अडाण जलाशयाचे. गाळ किती साठला, सांडपाणी कुठे जाते. तिसरे पान गौण खनिजांचे. समृद्धी महामार्ग या जिल्ह्यातून गेला, त्याच्या भरावासाठी मुरूम निघाला. ते खड्डे आज कोणत्या अवस्थेत आहेत? वाळूघाटांचे लिलाव कसे झाले, ग्रामसभांचे म्हणणे कोणी ऐकले? चौथे पान कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्याचे आणि काटेपूर्णा अभयारण्याचे. महामार्ग त्या परिसरातून गेला आणि वन्यप्राण्यांना ओलांडण्यासाठी मार्ग ठेवले गेले. ते मार्ग प्राणी वापरतात का, हे कोणी विचारले? पाचवे पान नदीजोडचे. वैनगंगा-नळगंगा योजनेला २०२४ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला, बुलढाणा अशी सहा जिल्ह्यांची नावे आली. वाशिमचे नाव त्यांत नव्हते. त्या दिवशी आपले प्रतिनिधी काय म्हणाले? आणि त्या कालव्याचा खर्च आणि जंगलावरचा परिणाम यांविषयीही कोणी काही विचारले का? दोन्ही प्रश्न वहीत यायला हवेत, कारण ही वही मागणीची तशीच विवेकाचीही असली पाहिजे.

या वहीचे मूळ शोधायला फार लांब जावे लागत नाही. ग्रामपंचायतीच्या कपाटात ग्रामसभेचे इतिवृत्त-पुस्तक असते. कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. त्या पुस्तकाचे एक पान उघडा. वर तारीख, खाली ठराव क्रमांक, विषय, सूचकाचे नाव, अनुमोदकाचे नाव, ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ आणि मग सह्या-अंगठे. अनेक गावांत या सह्या सभेनंतर घरोघर फिरवून घेतल्या जातात, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. अशा पानावर ‘वाळूघाटाच्या लिलावास ग्रामसभेची हरकत नाही’ असे वाक्य असते आणि पुढे तेच वाक्य तहसीलमध्ये गावाची संमती ठरते. त्या पानावर खरी चर्चा, खरी हरकत आणि खऱ्या सह्या आल्या, तर आमदाराच्या हिशेबाची पहिली ओळ तिथेच लिहिली गेली. पर्यावरणाच्या संस्थेचे निवडणुकीतले पहिले काम अधिसूचना निघाल्यावर सुरू होत नाही. ते गावच्या ग्रामसभेत सुरू होते.

आता आक्षेपांकडे येतो, कारण ते तुमच्या मनात आहेत आणि ते रास्त आहेत. पहिला आक्षेप : पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा विषय, वाशिम तर नीती आयोगाच्या यादीतला आकांक्षित जिल्हा, इथे आधी रस्ते, उद्योग, रोजगार हवा. मी विचारतो, नाणारला कोण उभे होते? आंब्याच्या बागेवर आणि मासळीवर पोट असणारे. रायगडला कोण होते? भातशेतीवाले. सूरजागडला कोण आहे? तेंदू आणि बांबूवर जगणारे. ज्यांचे पोट जमिनीवर आणि पाण्यावर आहे, त्यांच्यासाठी पर्यावरण हा पोटाचाच प्रश्न असतो. वाशिमचा सोयाबीन आणि तूर लावणारा कोरडवाहू शेतकरी याला अपवाद नाही. पावसाने खंड दिला की त्याचे वर्ष जाते. रस्ता हवाच आहे. पण मुरूम काढलेला खड्डा बुजवणे आणि नाल्याचा प्रवाह मोकळा ठेवणे हा त्या रस्त्याच्याच कामाचा भाग आहे, उपकार नव्हे. गरीब जिल्ह्याला तर हिशेबाची गरज जास्त, कारण इथे एक चुकलेला प्रकल्प सावरायला दुसरा पैसा येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : संस्था राजकारणात पडल्या की त्या एका पक्षाच्या होतात, त्यांची विश्वासार्हता जाते, आणि कायदाही आडवा येतो. हा धोका खरा आहे. कायदा काय म्हणतो ते पाहू. उमेदवाराच्या लेखी संमतीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणे गुन्हा आहे. पूर्वी ते भारतीय दंड संहितेत होते, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ मध्ये आहे. उमेदवाराच्या खाजगी चारित्र्याबद्दल खोटे विधान करणे लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार भ्रष्ट आचरण ठरू शकते. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव हवे. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांवर आणखी कडक बंधने आहेत. या सगळ्या चौकटीत उमेदवार उभा करणारी संस्था सहज अडकते. हिशेब मांडणारी संस्था अडकत नाही, जर तिने तीन पथ्ये पाळली तर. पहिले पथ्य, हिशेब सगळ्यांचा. रिसोड, वाशिम आणि कारंजा या तिन्ही आमदारांना आणि दोन्ही खासदारांना एकच मापे. दुसरे, हिशेब सार्वजनिक वर्तनाचा आणि कागदाच्या आधाराचा. कागद नसेल तर ओळ नाही. तिसरे, हिशेब छापण्याआधी ज्याचा आहे त्याच्याकडे पाठवायचा, उत्तराला मुदत द्यायची आणि त्याचे उत्तर शेजारी छापायचे. यातले तिसरे पथ्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. खोडसाळ पत्रक आणि हिशेब यांतला फरक तिथेच ठरतो. संस्थांनी ‘याला मत द्या’ असे म्हणण्याची गरजच नाही. मत कोणाला द्यायचे ते मतदार ठरवील.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा : आपल्याकडे मत जातीवर, पक्षावर आणि पैशावर पडते, तुमची वही वाचणार कोण? बहुतेक मतदार वाचणार नाहीत, हे मी मान्य करतो. पण निवडणूक बहुतेकांच्या मतांनी ठरते आणि थोड्यांच्या मतांनी फिरते. २०२४ च्या लोकसभेला वायव्य मुंबईत रवींद्र वायकर आणि अमोल कीर्तिकर यांच्यातला फरक अवघ्या ४८ मतांचा होता. प्रत्येक ठिकाणी असे घडत नाही. तरी काठावरच्या लढतीत दोन-चार हजार मतदारांनी बॅरेजचा प्रश्न मनावर घेतला, तर त्याची दखल दोन्ही बाजूंना घ्यावी लागते. १९७० च्या त्या तरुणांनी नेमके हेच ओळखले होते. शिवाय वहीचा पहिला वाचक मतदार नसतो. पहिला वाचक असतो तो आमदार. आपला प्रत्येक प्रश्न, प्रत्येक गैरहजेरी कोणीतरी तारखेनिशी लिहून ठेवत आहे हे कळले, की अधिवेशनात एखादा प्रश्न वाढतो. निवडणुकीत कोणी हरले नाही तरी नोंद आपले काम करते.

समारोप करतो. निवडणूक पर्यावरणाच्या चळवळीला फार तर मुदत देते. नाणार, आरे आणि शक्तिपीठ यांनी ते दाखवून दिले. त्या मुदतीत संघटना उभी राहिली आणि निकालानंतरही टिकली तर काय होते, ते गोव्याने आणि रायगडने दाखवले. बहिष्काराने गाव मोजणीतून बाहेर पडते. उमेदवारीने चांगला माणूस चुकीच्या सभागृहात पोचू शकतो. हिशेब मात्र निवडणुकीआधीही चालतो, निवडणुकीतही चालतो आणि निकालानंतरही चालतो. त्याला परवानगी लागत नाही, फारसा पैसा लागत नाही. लागते ती चिकाटी.

म्हणून वाशिमच्या संस्थांना, महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना, निवृत्त शिक्षकांना, वकिलांना आणि पत्रकारांना माझी विनंती आहे. पुढची निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नका. तिन्ही मतदारसंघांसाठी प्रत्येकी पाच माणसांचा एक गट नेमा. मागच्या पाच वर्षांचे तारांकित प्रश्न, जिल्हा नियोजन समितीची इतिवृत्ते आणि आमदार निधीच्या कामांची यादी माहितीच्या अधिकारात मागवा. पुढच्या ग्रामसभेला स्वतः हजर राहा, ठरावावरची चर्चा ऐका आणि खाली सही करण्याआधी वरचा ठराव वाचा. हिशेब तयार झाला की आधी लोकप्रतिनिधींकडे पाठवा, त्यांचे उत्तर येऊ द्या, मग तो मराठीत आणि बंजाऱ्यांच्या गोरमाटीत, सोप्या भाषेत छापा. मत मागायला जो कोणी तुमच्या दारात येईल, त्याला पाणी द्या, बसायला सांगा आणि त्याच्यासमोर ती वही उघडा.